फडताळ मोडलं, कपाट राखलं: वाड्यातून आलेल्या एका लॉटचं प्रकरण

पुण्याच्या पेठांमधला वाडा पाडायला घेतात, तेव्हा भिंतींना हात लागायच्या आधीच लाकडाचा सौदा होऊन गेलेला असतो. तुळया, खांब, नक्षीच्या महिरपी, दिंडी दरवाजा यांना गिऱ्हाईक ठरलेलं असतं. शेतघरं बांधणारे, हॉटेलवाले, आर्किटेक्ट असा माल घनफुटाच्या भावाने उचलतात. मागे उरतात त्या फडताळांच्या खिळखिळ्या झडपा, कडीपाटाच्या, म्हणजे जुन्या लाकडी तक्तपोशीच्या आखूड फळ्या, पाळण्याचे निखळलेले दांडे, एखादं पाय गेलेलं कपाट. ठेकेदाराच्या लेखी हे सगळं जळण. आम्ही हस्तकलेच्या प्रदर्शनांत ज्या वस्तू मांडतो, त्या या जळणातून निघतात.

ही नोंद अशाच एका लॉटची आहे. वाडा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला होता. कुटुंबाची ओळख देत नाही आणि पैशांचे आकडे गोल केले आहेत. एवढं सविस्तर लिहायचं कारण असं, की या कामात यायची इच्छा असलेले बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात ते लाकूड कुठे मिळतं. लाकूड मिळतं. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतं, मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मिळतं, पाडकाम चालू असलेल्या कुठल्याही गल्लीत मिळतं. पण काय मोडायचं, काय अखंड राखायचं आणि मोडायचंच ठरलं तर पहिला काप कुठे द्यायचा, याचा विचार घाईत उरकला जातो. या लॉटमध्ये जे साधलं आणि जे फसलं, ते याच निर्णयांमुळे.

लॉटमध्ये काय होतं

तळमजल्यावरची दोन फडताळं, म्हणजे भिंतीत बसवलेल्या सागवानी चौकटी, प्रत्येकीला दोन झडपा आणि आत तीन-तीन फळ्या. एका फडताळाच्या झडपा धड होत्या, दुसऱ्याच्या खालच्या बाजूला कुजलेल्या. माडीवरून काढलेल्या कडीपाटाच्या फळ्या, लांबीला तीन-चार फूट. मोडका शिसवी पाळणा, त्याचे कातीव दांडे बहुतेक शाबूत. आणि पुरुषभर उंचीचं दोन दारांचं सागवानी कपाट. त्याचा एक पाय गायब, पाठ वाळवीने खाल्लेली, कुलूप उपसून काढलेलं.

सगळं मिळून दहा घनफुटांच्या आतबाहेर. वाळलेल्या सागाचा एक घनफूट साधारण अठरा किलो भरतो, त्यामुळे टेम्पो ठरवताना वजनाचा अंदाज आधीच आला. साग ओळखायला ताजा काप पुरतो: हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. आमच्या मिस्त्रींनी एका फळीच्या टोकाला पटाशी लावून छिलका काढला, नाकाजवळ नेला आणि मान डोलावली.

घरातले लोक, ठेकेदार, मजूर, सगळेच त्याला ‘बर्मा’ म्हणत होते. ब्रह्मदेशातला साग मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर उतरत होता हे खरंच आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ सालची. पण जुना, घट्ट रेषांचा साग सह्याद्रीच्या आणि डांगच्या रानांतूनही येत होता, आणि नुसत्या डोळ्यांनी या दोहोंत फरक करता येतो असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. म्हणून आमच्या चिठ्ठीवर ‘जुना साग, पुण्यातल्या वाड्यातला’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘बर्मा’ लिहिलं की भाव चढतो, हे माहीत असूनही लिहीत नाही.

धड फडताळाच्या झडपांवर बाहेरून हिरव्या ऑइलपेंटचे थर होते, आतली बाजू मात्र कधीच रंगवलेली नव्हती. त्या आतल्या बाजूला दोन्ही झडपांवर एकाच उंचीला एक आडवी, काळपट रेघ होती. घरातल्या आजींनी ती बघितली आणि ‘पानशेत’ एवढा एकच शब्द उच्चारला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं होतं. पाणी कुठवर चढून थांबलं होतं, ते त्या झडपांनी धरून ठेवलं होतं. पुढचे बरेच निर्णय या रेघेभोवती फिरले.

कपाट मोडायचं का

पैशाच्या दृष्टीने लॉटमधला सगळ्यात चांगला माल कपाटात होता. रुंद, सपाट, रंग न लागलेल्या फळ्या. त्यांतून किती ट्रे, किती आरशांच्या चौकटी निघतील हे मिस्त्रींनी उभ्या उभ्या सांगितलं. प्रदर्शनात दीड-दोन हजारांच्या आतल्या वस्तू भराभर जातात. कपाट मात्र स्टॉलची पाव जागा अडवतं आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत कुणी कपाट घेऊन घरी जात नाही. प्रदर्शनापुरता विचार केला, तर मोडणं शहाणपणाचं होतं.

मी मोडू दिलं नाही. त्यामागची माझी भूमिका नीट मांडते, कारण इथे भावनेचा भाग कमी आणि कसाचा जास्त आहे. मोडायच्या आधी आम्ही कुठल्याही वस्तूचे सांधे तपासतो. या कपाटाच्या खणांना हाताने कापलेले डवटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे दातेरी सांधे होते, चौकटीची कुसं खाचेत घट्ट होती, डाव्या दाराचा एक सांधा तेवढा हलत होता. म्हणजे सांगाडा उभा होता. नवं घालावं लागणारं लाकूड एकंदर लाकडाच्या पाव हिश्शाच्या आत होतं. आणि ते कुणी, कधी केलं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते मोडायला हरकत नाही, असं बरेच जण धरून चालतात. मला ते उलट वाटतं.

चंडीगढचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावं. वास्तुकार पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांसाठी आखलेल्या सागवानी खुर्च्या पुढे गच्चीवर, आवारात ढीग होऊन पडल्या, भंगार म्हणून लिलावात गेल्या. त्याच खुर्च्या नंतर युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखांच्या बोलीने विकल्या गेल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये अशा वस्तूंच्या विक्रीला बंदी घालेपर्यंत पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता. त्या खुर्च्यांचे कुणी ट्रे केले असते तर त्या कायमच्या गेल्या असत्या. आमचं कपाट काही चंडीगढची खुर्ची नव्हे. पण मोडण्याचा निर्णय परत फिरवता येत नाही आणि दुरुस्तीचा निर्णय पुढे कधीही बदलता येतो, एवढा फरक मला पुरेसा वाटला.

फडताळांचं तसं नव्हतं. फडताळ हे भिंतीचं अंग असतं. भिंत पडली की उरतात चौकट, झडपा आणि फळ्या. त्याला बाजू नसतात, पाठ नसते, तळ नसतो. ते जसंच्या तसं राखायचं म्हणजे त्याच्याभोवती नवी भिंत बांधायची. म्हणून फडताळं मोडायची, कपाट राखायचं, असं ठरलं. मिस्त्रींना हे पहिल्यांदा पटलं नाही. “ताई, कपाटावर दिवस जातील आणि विकलं नाही तर?” शंका रास्त होती. कपाट प्रदर्शनात नाहीच विकलं गेलं तर त्याची मजुरी लॉटमधून वळती करायची नाही, ती माझ्या खात्यावर, असं बोलून आम्ही पुढे गेलो.

कपाटाचा हलणारा सांधा उघडताना ठोकाठोक करावी लागली नाही. जुने सुतार सरस वापरत. सरस गरम वाफेने आणि ओलाव्याने मऊ पडतो. सांध्यावर ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली, थोड्या वेळाने कूस सुटलं. नव्या डिंकाने बसवण्याआधी सांधा थिनरने पुसून घेतला, कारण सागातलं नैसर्गिक तेल पृष्ठभागावर येतं आणि डिंकाला धरू देत नाही. पुसलं की फार वेळ न घालवता लगेच चिकटवायचं.

पाठीच्या वाळवी लागलेल्या फळ्या काढल्या, त्या जागी कडीपाटाच्या फळ्या घातल्या आणि आतल्या बाजूने टाकणखार व बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोनदा लावली. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला ती खुशाल लागते, आणि पाठीला सुतार लोक तेच पांढरं लाकूड वापरत आले. नवा पाय फडताळाच्या चौकटीतून निघाला.

मूळचं पॉलिश मात्र घासून काढलं नाही. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला तर ते विरघळायला लागलं. म्हणजे चपडा लाखेचं होतं. अशा पॉलिशला नव्याने उठाव द्यायला स्पिरिटमधली पातळ लाख हलक्या हाताने फिरवली तरी पुरतं. जुना थर नव्यात मिसळून जातो. पॉलिश पेपर लावला असता तर शंभर टक्के नवं दिसलं असतं, आणि मला ते नको होतं.

हिरवा रंग

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते हा आहे, आणि प्रदर्शनांत फिरताना यावर कुणी बोलताना दिसत नाही.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता फार मोठी असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाबद्दल कुठलीही खात्री धरता येत नाही, आणि आमच्या झडपांवरचे थर तर कित्येक दशकांचे होते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. रंगाची धूळ, सुटलेली खपली, तोंडात गेलेलं बोट, एवढ्यावर ते शरीरात पोचतं.

सुतारांची नेहमीची पद्धत म्हणजे बर्नरने रंग जाळायचा आणि पत्रीने खरवडायचा, नाहीतर सरळ ग्राइंडरवर पेपर लावून उडवायचा. पहिल्या पद्धतीत शिशाचा धूर होतो, दुसरीत धूळ, आणि दोन्ही सगळ्यात आधी मिस्त्रींच्याच छातीत जातात. आम्ही पेंट रिमूव्हर लावून, पृष्ठभाग ओला ठेवून पत्रीने रंग काढला. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, हातात मोजे, तोंडाला एन-९५ मास्क. निघालेला लगदा पिशवीत बांधून वेगळा ठेवला. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, हेही सांगितलं. वेळ दुप्पट लागला. हा वेळ वाचवण्यासारखा नाही.

सध्या ‘रस्टिक’ म्हणून जुन्या रंगाच्या खपल्या तशाच ठेवायची फॅशन आहे. निळ्या-हिरव्या खपल्यांच्या आरशाच्या चौकटी छायाचित्रात सुंदर दिसतात आणि चांगल्या भावाने जातात. मी त्या करणार नाही. दिवाणखान्यात, रांगत्या मुलाच्या उंचीला, सुटत जाणारा शिशाचा रंग टांगणं मला मान्य नाही, आणि वरून पारदर्शक लॅकर मारलं की धोका संपला असं समजणंही चुकीचं आहे. लॅकर खरवडलं जातं. ज्यांना जुन्या रंगाची छटा हवी त्यांनी लाकूड पूर्ण साफ करून मग नवा, शिसं नसलेला रंग हलक्या हाताने द्यावा.

याच कारणाने रंग लागलेल्या लाकडाचे ट्रे आणि चौरंग करायचे नाहीत, असं ठरवलं. खाण्यापिण्याच्या आणि पूजेच्या वस्तू फक्त कडीपाटाच्या फळ्यांतून. त्यातही डांबर किंवा जळकं ऑइल फासलेल्या दोन फळ्या बाजूला काढल्या. वाळवी लागू नये म्हणून पूर्वी ते सर्रास फासत.

कॉलेजातली मुलंमुली पॅलेटच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या लाकडी फळकुटांच्या लाकडापासून वस्तू करतात, त्यांनाही जाता जाता सांगते: पॅलेटवरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे आतपर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

खिळे, माती, काप

जुनं लाकूड आरा गिरणीवर कुणी आनंदाने घेत नाही. आत राहिलेला एक खिळा पात्याचे दात उडवतो. पहिल्या गिरणीने सरळ नाही म्हटलं, दुसरीने पातं बिघडलं तर भरून द्यायच्या बोलीवर घेतलं. त्याआधी मदतनिसाने प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवलं, खिळे-चुका उपसल्या, जे उपसत नव्हते ते खडूने गोल करून ठेवले. कडीपाटाच्या फळ्यांवर पूर्वी माडीच्या जमिनीची माती पसरलेली असायची. तिचे कण रेषांत रुतून बसतात आणि रंध्याची धार घालवतात. त्यामुळे तारेच्या ब्रशने झाडल्याशिवाय त्या फळ्यांना रंधा लावला नाही. हे काम दिसत नाही, विकलं जात नाही आणि सगळ्यात जास्त खातं.

सागाच्या भुशाबद्दलही एक सांगायला हवं. काहींच्या अंगाला त्याने खाज सुटते, चट्टे उठतात. आणि लाकडाची धूळ सतत छातीत जाणं हे कर्करोगाचं सिद्ध कारण मानलं जातं. मास्क फक्त रंगापुरता नसतो.

कापण्याचा क्रम आम्ही मोठ्याकडून लहानाकडे ठेवला. आधी सगळ्यात मोठ्या वस्तूचं लाकूड बाजूला काढायचं, तिच्या उरलेल्यातून मधली वस्तू, शेवटच्या तुकड्यांतून ट्रे आणि खुंट्यांच्या पट्ट्या. प्रदर्शन जवळ आलं की नेमकं उलटं करायचा मोह होतो, कारण लहान वस्तू पटकन तयार होतात. चार फुटांच्या फळीतून चार ट्रे काढले की ती फळी गेली. पुन्हा तिचं टेबल होत नाही.

धड झडपांची दोन भिंतीवरची कपाटं झाली, एकेका झडपेचं एक. फडताळातल्या फळ्या त्यांच्या बाजू आणि पाठ झाल्या. कुजलेल्या झडपांचा खालचा भाग कापून टाकला आणि उरलेल्यातून आरशांच्या तीन चौकटी बसल्या. जाड चौकटीतून एका बैठ्या मेजाचे पाय आणि आडणी निघाली, वरचा तक्ता उरलेल्या फळ्यांचा. कडीपाटातून चार चौरंग आणि चार ट्रे. चौकटीचे शेवटचे तुकडे पाच खुंट्यांच्या पट्ट्यांना लागले, आणि खुंट्या झाल्या पाळण्याच्या शिसवी दांड्यांच्या. कातकाम इतकं रेखीव होतं की त्यांना फक्त कापून कूस काढलं, बाकी हात लावला नाही.

मेजाच्या तक्त्याने थोडा त्रास दिला. फळ्या एका बाजूने रंधल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या पन्हाळीसारख्या वाकल्या. लाकूड कितीही जुनं असलं तरी त्यात ताण असतो. एका बाजूचा थर काढला की तो मोकळा होतो, शिवाय हवेतला ओलावा ते घेत-सोडत राहतं. फळ्या काही दिवस हवा लागेल अशा रचून ठेवल्या, मग दोन्ही बाजूंनी सारखं रंधून घेतलं. तक्ता आडण्यांना घट्ट खिळला नाही. स्क्रूची भोकं लांबट ठेवली, म्हणजे पावसाळ्यात तो फुगला तर सरकायला जागा राहील. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात केलेली वस्तू मुंबईला गेली की हीच जागा तिला तारते.

रंध्यावरून मिस्त्रींचं आणि माझं बरंच बोलणं झालं. त्यांना सगळं लख्ख करायचं होतं. हाताखाली खडबड राहिली तर त्यांच्या हुन्नरीला ते कमीपणाचं वाटतं, आणि त्यांची ही भावना मला मोलाची वाटते. मला लाकूड तासायच्या जुन्या वाकसाचे घाव ठेवायचे होते. शेवटी असं ठरलं की जिथे हात, कपडा किंवा भांडं लागतं ती प्रत्येक बाजू २२० नंबरच्या पेपरपर्यंत गुळगुळीत, आणि मेजाच्या तक्त्याची खालची बाजू, चौरंगाचा तळ, कपाटाची पाठ जशीच्या तशी. चौरंग उलटा केला की शंभर वर्षांपूर्वीच्या असोत वा साठ वर्षांपूर्वीच्या, कुणा सुताराच्या हाताच्या खुणा दिसतात.

पानशेतच्या रेघेवर मात्र मी हटून बसले. ऑक्झॅलिक अॅसिडने लोखंडाचे काळे डाग जातात तशी तीही फिकट झाली असती. ती ठेवली. भिंतीवरच्या दोन्ही कपाटांत दार उघडलं की आतून दिसेल अशी, आणि झडपा कापताना दोन्हींत ती एकाच उंचीवर राहील याची काळजी घेतली. आत एक छोटी चिठ्ठी लावली: कुठलं लाकूड, कुठली रेघ, कुठली तारीख.

ट्रेंना लाखेचं पॉलिश दिलं नाही. गरम कपाने त्यावर पांढरं कडं उमटतं. जवसाचं तेल पातळ हाताने, दर वेळी पूर्ण सुकू देऊन. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आम्ही ती पाण्याच्या बादलीत बुडवतो. लाकडाच्या भुशाने भरलेल्या खोलीत ही सवय नसेल, तर बाकी कारागिरीला काही अर्थ नाही.

हिशोब

लॉट १८,००० ला पडला. टेम्पो आणि हमाली ३,५००. मिस्त्रींची मजुरी २९,०००, मदतनिसाची ११,०००. गिरणी २,५००. डिंक, रिमूव्हर, पेपर, तेल, लाख, बिजागऱ्या, आरशाची काच मिळून ५,५००. स्टॉलचं भाडं आणि तिथवरची ने-आण १५,०००. एकूण ८४,५००.

यात लाकूड जेमतेम एक पंचमांश आहे आणि मजुरी जवळजवळ निम्मी. ‘जुनंच लाकूड ना, मग एवढं महाग का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला हेच सांगायचं असतं. नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनच्या ‘पीट हाइन एक’ (Piet Hein Eek) नावाच्या डिझायनरने १९९० मध्ये शिक्षण संपवताना टाकाऊ लाकडाचं कपाट केलं आणि पुढे त्यावर मोठा कारखाना उभा राहिला. टाकाऊ लाकडाला जवळपास किंमत नसते, मोल येतं ते त्यावर पडलेल्या हाताच्या कामाला, हे त्याच्या कामातून लख्ख दिसतं. आपल्याकडे हेच गणित उलटं फिरवतात: सागाचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून जीव टाकतात आणि सुताराचा अख्खा दिवस स्वस्त धरतात. भाव पाडून माल काढायचा झाला की पहिली कात्री मजुरीला लागते. ती लावायची नाही असं ठरवलं, की वस्तूंचे भाव आपोआप ठरत जातात.

आम्ही लावलेले भाव असे: मोठं कपाट ४२,०००, भिंतीवरचं कपाट ९,५००, आरसा ३,८००, मेज ७,५००, चौरंग २,२००, ट्रे १,६००, खुंट्यांची पट्टी १,४००. सगळं विकलं गेलं तर १,०२,१००. म्हणजे हातात १७,६००, आणि त्यात माझ्या वेळेचा एक रुपयाही धरलेला नाही.

भिंतीवरच्या कपाटांनी मिस्त्रींच्या मजुरीचा जवळपास तिसरा हिस्सा खाल्ला. जुनी झडप कधीच काटकोनात नसते. तिच्याभोवती खोका बसवायचा म्हणजे काटकोन बघायचा गुण्या बाजूला ठेवून प्रत्येक बाजू झडपेप्रमाणे मापावी लागते. त्यांचा भाव ९,५०० ऐवजी किमान १२,००० हवा होता. खुंट्यांच्या पट्ट्यांनी उलट सगळ्यात कमी वेळात सगळ्यात चांगला परतावा दिला, कारण सुंदर भाग आधीच कुणीतरी कातून ठेवलेला होता.

स्टॉलवर

प्रदर्शन पुण्यातलं, हिवाळ्यातलं. जळगावच्या केळीच्या चिप्सपासून पैठणीपर्यंत सगळं जिथे मिळतं, तसं. मोठं कपाट मागच्या बाजूला, दारं उघडी, आत ट्रे आणि आरसे मांडलेले. पुढच्या टेबलावर दोन फळ्या शेजारी शेजारी: एक आली तशी, मातीने माखलेली, खिळे असलेली, दुसरी साफ केलेली. बाजूला उपसलेल्या खिळ्यांची बरणी. या तीन गोष्टींनी आमचं अर्धं बोलणं वाचवलं. ज्यांनी बरणी हातात घेऊन बघितली त्यांनी भावाबद्दल घासाघीस फारशी केली नाही.

पाचही पट्ट्या आणि चारही ट्रे पहिल्या सुट्टीतच गेले. तीन चौरंग, दोन आरसे, भिंतीवरचं एक कपाट. मिळून ३७,१००. मोठं कपाट तिथे कुणी नेलं नाही, पण एका जोडप्याने मापं घेतली, फोटो काढले, आणि नंतर कारखान्यात येऊन घेऊन गेले. तोवर एकूण ७९,१०० झाले होते.

पानशेतची रेघ बघून गिऱ्हाईक मागे फिरेल, हा मिस्त्रींचा अंदाज निम्मा खरा ठरला. कित्येकांनी दार उघडलं, डाग बघितला आणि बंद केलं. एका बाईंनी सॅंड करून द्याल का विचारलं. आम्ही नाही म्हटलं. ज्या गृहस्थांनी भिंतीवरचं कपाट घेतलं ते लहानपणी नारायण पेठेत राहत होते. त्यांनी चिठ्ठी वाचून ती सैल आहे, नीट चिकटवून द्या एवढंच सांगितलं. दुसरं कपाट अजून आमच्याकडे आहे, भाव १२,०००.

खुंट्यांची एक पट्टी एका गिऱ्हाइकाला अमेरिकेतल्या मुलीकडे न्यायची होती. शिसवीची सगळी जात २०१७ पासून साइटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून पावतीवर लाकडाचं नाव आणि वजन स्पष्ट लिहून दिलं आणि नेण्याआधी चौकशी करायला सांगितलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेणाऱ्यांना आणखी एक सांगते: किड्याचं भोक पडलेलं लाकूड तिथे विमानतळावर अडू शकतं, मग किडा आत असो वा नसो.

मेज विकलं गेलं नाही. बैठकीवर बसून लिहिणारे आता कमी आणि गुडघ्यांचं दुखणं सगळ्यांनाच. चौकटीच्या लाकडाचा एकही लांब तुकडा उरलेला नव्हता, त्यामुळे पाय वाढवता आले नाहीत. पुढच्या लॉटपासून चौकटीच्या दोन उभ्या बाजू पहिलं प्रदर्शन होईपर्यंत अखंड ठेवायच्या आणि काय मागणी येते ते बघून मगच कापायच्या, असं मिस्त्रींनीच सुचवलं. सध्या कसबा पेठेतल्या एका फडताळाच्या चौकटी तशाच भिंतीला टेकून ठेवल्या आहेत.